क्रिएटिनीन १.१ : मूत्रपिंड आणि हृदय आधीच काय सांगत असतात



गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे. सोलापूरच्या एका भगिनींचे पत्र त्यातले सर्वांत स्पष्ट आहे, म्हणून तेच घेते. त्या लिहितात, ‘माझ्या शौहरना दहा वर्षांपासून शुगर आहे. दरवर्षी आम्ही पूर्ण शरीराची तपासणी करून घेतो. त्यात क्रिएटिनीन असते आणि ते नॉर्मल येते. तरी नव्या डॉक्टरांनी लघवीची वेगळी तपासणी लिहून दिली. किडनी चांगली आहे हे रिपोर्टवर छापलेले असताना ही तपासणी कशासाठी? लॅबवाल्यांचा धंदा चालावा म्हणून का?’

प्रश्न रास्त आहे. धंद्याची शंकाही रास्त आहे, कारण पॅकेजच्या नावाखाली बऱ्याच निरुपयोगी चाचण्या लोकांच्या गळ्यात मारल्या जातात. पण या एका बाबतीत नवे डॉक्टर बरोबर आहेत. ते का, हे सांगायचे तर मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल, आणि त्यात चूक माझीही आहे.

माझ्या खाला उर्दू शाळेत मुअल्लिमा होत्या. निवृत्त होईपर्यंत रोज दोन जिने चढून वर्गावर जात. मधुमेह पन्नाशीच्या आसपास सुरू झाला. स्वभाव शिस्तीचा, त्यामुळे प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलमध्ये लावलेला. मी डॉक्टर झाल्यापासून ती फाइल दरवर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर यायची. शीरखुर्मा खात खात मी पाने उलटायची आणि सांगायची, ‘खाला, सगळं ठीक आहे. फक्त शुगर थोडी सांभाळा.’

बासष्टाव्या वर्षी त्यांना जिना चढताना दम लागू लागला. छातीत दुखले नाही, घाम आला नाही. ‘वय झालं’ म्हणून त्यांनी दोन महिने कोणाला सांगितलेच नाही. संध्याकाळी पायांवर सूज येई, तीही चपलेच्या पट्ट्याचा वळ पडू लागल्यावर त्यांच्या सुनेच्या लक्षात आली. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. अँजिओप्लास्टी झाली. तिथल्या डॉक्टरांनी लघवीतील अल्ब्युमिन तपासले. ते ४१० आले. ते ३० च्या खाली असायला हवे होते.

त्या रात्री मी घरी येऊन फाइल पुन्हा उघडली. पन्नासाव्या वर्षी क्रिएटिनीन ०.७. छप्पन्नाव्या वर्षी ०.९. बासष्टाव्या वर्षी १.१. लॅबने शेजारी छापलेली स्त्रियांची मर्यादा ०.६ ते १.१. एकाही आकड्याखाली लाल रेघ नव्हती. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी बारा वर्षांत एकदाही झालेली नव्हती. कोणी सांगितली नाही, आणि मीही सांगितली नाही.

आता हे आकडे नीट समजून घेऊ.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक परत रक्तात जातो आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. क्रिएटिनीन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा कचरा. तो मूत्रपिंडातून बाहेर पडतो. गाळण्या कमी झाल्या की तो रक्तात साचतो. म्हणजे क्रिएटिनीन हे मूत्रपिंडाचे काम थेट मोजत नाही, मागे राहिलेला कचरा मोजते. अंगणात पालापाचोळा किती साचला यावरून झाडणाऱ्याने किती काम केले याचा अंदाज बांधावा, तसे हे आहे. पण झाडच छोटे असेल तर पाला मुळातच कमी पडणार. सडसडीत बांध्याच्या, उतारवयाच्या स्त्रीच्या अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनीनही कमी तयार होते. तिचे मूत्रपिंड अर्धे निकामी झाले तरी आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहू शकतो.

ढोबळ हिशेब असा : गाळण्याची ताकद निम्मी झाली की क्रिएटिनीन साधारण दुप्पट होते. ज्या स्त्रीचे मूळ क्रिएटिनीन ०.६ आहे तिचे १.२ होणे ही फार मोठी घटना आहे, पण रिपोर्टवर ती कोणाला दिसत नाही.

म्हणून डॉक्टर क्रिएटिनीनवरून, वय आणि लिंग लक्षात घेऊन, दुसरा आकडा काढतात. त्याला ई-जीएफआर म्हणतात, म्हणजे मूत्रपिंडे एका मिनिटात किती मिलिलिटर रक्तद्रव गाळून साफ करतात याचा अंदाज. तरुण निरोगी माणसात तो १०० च्या आसपास असतो. ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घ आजार म्हणतात. १५ च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची भाषा सुरू होते. आता गंमत पाहा. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनीन १.१ असेल तर त्याचा ई-जीएफआर सुमारे ९५ येतो, म्हणजे ठणठणीत. तोच १.१ आकडा माझ्या बासष्ट वर्षांच्या खालाचा, तर ई-जीएफआर ५७. पन्नासाव्या वर्षी त्यांचा हा आकडा १०५ होता, छप्पन्नाव्या वर्षी ७५. बारा वर्षांत जवळपास निम्मी ताकद गेली आणि फाइलमध्ये सगळीकडे नॉर्मल.

वाढत्या वयात हा आकडा थोडा उतरतोच, चाळिशीनंतर वर्षाला साधारण एकाच्या हिशेबाने. बारा वर्षांत अठ्ठेचाळीस उतरणे हे वयाचे काम नव्हे.

बऱ्याच लॅब आता ई-जीएफआर छापतात. छापला नसेल तर डॉक्टरांना विचारा, त्यांच्या मोबाइलवर अर्ध्या मिनिटात निघतो. जुने रिपोर्ट फेकू नका. एका आकड्यापेक्षा पाच-सात वर्षांची चाल जास्त सांगते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. शिजवलेल्या मांसात क्रिएटिनीन असते, त्यामुळे भरपूर मटण खाल्ल्यानंतर काही तास रक्तातला आकडा तात्पुरता वर जातो. बकरी ईदच्या आठवड्यात तपासणी करून घाबरून आलेले रुग्ण मी दरवर्षी पाहते. चार दिवस साधे खा, पाणी नीट प्या आणि मग रक्त द्या. रोजाच्या दिवशी मगरिबच्या आधी, अंगातले पाणी कमी झालेले असतानाही आकडा चढा येऊ शकतो. आणि जी मुले व्यायामशाळेत जाऊन क्रिएटिनची भुकटी घेतात त्यांच्याबाबतीत क्रिएटिनीनवर विसंबता येत नाही. त्यांच्यासाठी सिस्टॅटिन-सी नावाची वेगळी तपासणी आहे. ती महाग आहे आणि इतरांना सहसा लागत नाही.

आता लघवीकडे वळू, कारण खरी बातमी तिथे आधी येते.

अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन. निरोगी गाळणी ते आत धरून ठेवते. गाळणीचे अस्तर दुखावले की ते थोडे थोडे झिरपू लागते. गाळण्याची ताकद कमी होण्याच्या कितीतरी आधी ही गळती सुरू होऊ शकते. मधुमेहात तर बहुधा हीच पहिली खूण असते.

ही ओळख नवी नाही. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर तापवत. अंड्याचा पांढरा भाग शिजताना घट्ट होतो, तशी लघवीत पांढरी साय धरली तर अल्ब्युमिन आहे असे समजत. १८२७ साली त्यांचा ग्रंथ निघाला. १८३६ मध्ये त्यांनी शंभर रुग्णांच्या नोंदी छापल्या आणि त्यात एक विलक्षण निरीक्षण होते : मृत्यूनंतर तपासले तेव्हा यांतल्या पुष्कळ रुग्णांची हृदये मोठी झालेली होती. आजार मूत्रपिंडाचा आणि हृदयही बदललेले. रक्तदाब मोजण्याचे साधनही तेव्हा दवाखान्यात नव्हते, तरी दोन अवयवांचे नाते त्या माणसाने ओळखले होते.

पुढे १९६३ साली त्याच रुग्णालयातील हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने लघवीतील अगदी अल्प अल्ब्युमिन मोजण्याची रीत काढली. १९८४ मध्ये डेन्मार्कचे कार्ल एरिक मोगेनसेन यांनी दाखवले की, उतारवयातल्या मधुमेहात ज्यांच्या लघवीत असे थोडेसे अल्ब्युमिन असते, त्यांच्यात मूत्रपिंडाचा आजार पुढे वाढतो, इतकेच नव्हे तर त्यांचे मृत्यूही लवकर होतात. यातले पुष्कळ मृत्यू हृदयविकाराने.

असे का व्हावे? मूत्रपिंडाची गाळणी म्हणजे शेवटी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंताच. शुगर, रक्तदाब आणि तंबाखू यांनी रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब होते ते काही एकाच अवयवात होत नाही. हृदयात, मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यातही तेच चाललेले असते. पण हृदयाच्या वाहिनीचे अस्तर दुखावले तर ते बाहेरून दिसत नाही. मूत्रपिंडात दुखावले तर अल्ब्युमिन लघवीतून बाहेर येते आणि बाटलीत सापडते. म्हणून लघवीची ही तपासणी मूत्रपिंडाइतकीच हृदयाचीही तपासणी आहे. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०२३ मध्ये हृदय, मूत्रपिंड आणि चयापचय यांचा मिळून एकच विकार मानण्याची भूमिका घेतली आणि हृदयविकाराचा धोका मोजण्याच्या नव्या सूत्रात ई-जीएफआर घातला. ब्राइटच्या निरीक्षणाला तेव्हा १८७ वर्षे झाली होती.

तपासणीचे नाव लक्षात ठेवा : लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर. डॉक्टर त्याला एसीआर म्हणतात. साध्या ‘युरिन रुटीन’मध्ये कागदी पट्टीवर ‘प्रोटीन : निल’ असे येते, ते पुरेसे नाही. पट्टीला गळती बरीच वाढल्यावर पत्ता लागतो. एसीआर ३० च्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे सुरुवातीची गळती, आणि उपचाराचा सर्वांत जास्त फायदा होण्याचा हाच काळ. ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी आहे. हे आकडे मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये आहेत. काही लॅब मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये देतात, तिथे ३० ऐवजी ३ धरायचे. आकडा वाचण्याआधी एकक वाचा.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. चोवीस तासांची लघवी डब्यात साठवण्याची गरज आता सहसा पडत नाही. मासिक पाळीत, तापात, लघवीला जळजळ असताना किंवा आदल्या दिवशी फार श्रम झाले असतील तर नमुना देऊ नये, आकडा खोटा वाढतो. आणि एकदा वाढलेला आला म्हणून लगेच रडारड नको. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वाढलेला आला तरच तो खरा धरतात.

ही तपासणी कोणी करायची? ज्यांना टाइप दोनचा मधुमेह आहे त्यांनी निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी. टाइप एक असेल तर पाच वर्षांनंतर दरवर्षी. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, घरात आईवडील-भावंडांपैकी कोणाला डायलिसिस लागले असेल त्यांनी, आणि वर्षानुवर्षे सांधेदुखीच्या गोळ्या खाणाऱ्यांनीही. रक्तातून ई-जीएफआर आणि लघवीतून एसीआर, या दोन्ही एकत्र. एकीवर भागत नाही.

हृदयाच्या इतर खुणांकडे येते. यांतल्या बऱ्याच वाचकांना ठाऊक आहेत, म्हणून ठाऊक नसलेलेच जास्त सांगते.

रक्तदाब सर्वांना ठाऊक आहे, पण तो नीट मोजलेला क्वचित पाहिला. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर. अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू नाही. मोजताना बोलायचे नाही. आमच्या दवाखान्यात बायका बुरख्याच्या किंवा कमीजच्या घट्ट बाहीवरूनच पट्टा बांधा म्हणतात. बाही वर सरकवून दंडावर काच बसला तरीही आकडा चुकतो. तपासणीच्या दिवशी सैल बाहीचे कपडे घाला, आणि दवाखान्यात पडदा किंवा महिला परिचारिका मागायला संकोच करू नका. दवाखान्यात १४० वर ९० किंवा अधिक, घरी १३५ वर ८५ किंवा अधिक, असे वेगवेगळ्या दिवशी येत राहिले तर तो उच्च रक्तदाब. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर १३० वर ८० च्या खाली आणण्याचा प्रयत्न करतात.

कंबर मोजा. वजनकाटा आपल्या लोकांना फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी, हा आपला भारतीय बांधा. म्हणून पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा आपल्याकडे धरतात. मोजपट्टी बेंबीच्या पातळीला, उघड्या पोटावर, श्वास सोडून. सलवारच्या नाडीचा आकडा धरू नका, ती बहुधा पोटाखाली बांधलेली असते!

कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात लोक एकूण आकडा पाहतात. पाहायचा तो एलडीएल. आणि एक हिशेब घरी करता येतो : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. जो उरतो त्यात धमन्यांत साचणारे सगळे कोलेस्टेरॉल येते. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर, आणि ते आपल्याकडे वारंवार असते, हा आकडा एलडीएलपेक्षा विश्वासाचा. एपो-बी नावाची तपासणी याहून नेमकी आहे, पण ती सर्वांना लागत नाही.

एका तपासणीबद्दल मात्र मी आग्रह धरते, ती लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये ती शोधली. ही पातळी जवळपास पूर्णपणे आईवडिलांकडून आलेली असते, खाण्यापिण्याने फारशी बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजली की बहुधा पुरते. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. ज्या घरात पन्नाशीच्या आत कोणाला हृदयविकाराचा झटका आला आहे, तिथे मुलांनीही ती एकदा करावी. ती उतरवण्याचे खात्रीचे औषध आज बाजारात नाही, पण जास्त असेल तर बाकीच्या गोष्टी अधिक कडकपणे सांभाळता येतात.

तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी, एचबीए-वन-सी, ५.७ पासून ६.४ पर्यंत सीमेवर आणि ६.५ ला मधुमेह. रक्त कमी असलेल्या बायकांत हा आकडा फसवतो, लोहाच्या कमतरतेत खोटा वर जातो. हिमोग्लोबिन शेजारी ठेवून वाचा. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाच्या वाहिन्या मोकळ्या आहेत असे नाही, ईसीजी त्या क्षणाचा असतो. खालाचा ईसीजी वर्षापूर्वी नॉर्मलच होता.

मूळचे केरळचे आणि बंगळुरूला शिकलेले डॉ. सलीम युसूफ यांनी कॅनडातून ५२ देशांत एक मोठा अभ्यास केला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक धोका नऊ साध्या गोष्टींनी समजावता येतो असे त्यात दिसले : तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाची कमतरता आणि दारूशी संबंधित सवयी. त्याच अभ्यासातून पुढे आले की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर येतो. तंबाखूमध्ये मिश्रीही येते. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सकाळी मिश्री लावते’ असे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते.

भगिनींसाठी आणखी एक. डॉक्टरांना आजार विचारले की आपण शुगर-बीपी सांगतो, बाळंतपण सांगत नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता, अंगावर सूज आणि लघवीत प्रोटीन होते, किंवा त्या काळात शुगर निघाली होती, तर बाळ झाल्यावर ते ‘बरे’ होते खरे, पण पुढे हृदय आणि मूत्रपिंड यांचा धोका वाढलेला राहतो. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी सांगा. खालाच्या धाकट्या मुलाच्या वेळी त्यांना सातव्या महिन्यापासून रक्तदाब होता. हे मला अँजिओप्लास्टीनंतर कळले.

आता, धोका सापडला तर पुढे काय? इथे खरोखर चांगली बातमी आहे. मी शिकत असताना मूत्रपिंडाच्या आजारात रुग्णाला वाट पाहायला सांगण्यापलीकडे फारसे हातात नव्हते. आज रक्तदाबाच्या रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा गोळ्या अल्ब्युमिनची गळती कमी करतात. या जातीचे पहिले औषध ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले. या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनीन थोडे वाढते, तीस टक्क्यांपर्यंत वाढ चालते, म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. दोन-चार आठवड्यांनी क्रिएटिनीन आणि पोटॅशियम तपासतात. गरोदरपणात मात्र या गोळ्या चालत नाहीत. तरुण मुलींनी लग्नाआधी आणि नंतर डॉक्टरांना हे स्पष्ट विचारावे.

दुसरी औषधे म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. आली शुगरसाठी, पण हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींचा ऱ्हास मंदावतात, मधुमेह नसलेल्यांतही. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपले आणि किंमत खाली आली. उलट्या-जुलाबात ती थांबवायची असतात, आणि रमजानच्या तोंडावर नव्याने सुरू करू नयेत. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांबद्दल लोकांच्या मनात फार भीती आहे. त्यावर स्वतंत्र लिहीन.

आणि घरातले नुकसान थांबवा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांची गोळी रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळीबरोबर महिनोन् महिने चालू असेल तर तिन्ही मिळून मूत्रपिंडाला झोडपतात. ठणक असह्य असेल तर पॅरासिटामोल, तेही विचारून. पारा-शिसे असलेली भस्मे आणि लेबल नसलेल्या गोरेपणाच्या क्रीम टाळा. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम लावणाऱ्यांच्या लघवीतून प्रोटीन जाऊ लागल्याचे २०२३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी उघड केले. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळे मिळून. आमच्या कोकणात सुकट, सुके बोंबील, पापड आणि लोणचे एकाच ताटात असतात, मग तो चमचा दुपारच्या आतच संपतो. पण बाजारातले ‘कमी सोडियम’चे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाने विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम असते.

रोजांबद्दल दर वर्षी विचारतात. ई-जीएफआर ३० च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर रोजा धोक्याचा आहे. ३० ते ६० मध्ये असेल तर डॉक्टरांशी रमजानच्या दीड-दोन महिने आधी बोला, गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात. शरीयतने आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. ती कोणाला कशी लागू होते ते आपल्या आलिमांना रिपोर्ट दाखवून विचारा. मी फक्त आकडा सांगू शकते.

खर्चाचे म्हणाल तर ई-जीएफआर आणि एसीआर या दोन तपासण्या मिळून, बहात्तर चाचण्यांच्या पॅकेजपेक्षा पुष्कळ कमी पैशांत होतात. तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. डायलिसिस आणि अँजिओप्लास्टी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, पण तिथपर्यंत पोहोचायची वेळ येऊ नये म्हणूनच हा खटाटोप.

तेव्हा सोलापूरच्या भगिनी, शौहरना घेऊन उद्या सकाळचा नमुना द्या. आकडा ३० च्या खाली आला तर अल्हम्दुलिल्लाह, पुढच्या वर्षी पुन्हा. वर आला तरी गेलेली वेळ कमी आहे. जुने क्रिएटिनीनचे आकडे एका कागदावर वर्षवार लिहून डॉक्टरांना दाखवा.

खाला आता पासष्ट वर्षांच्या आहेत. ई-जीएफआर ५४ वर टिकून आहे, एसीआर ४१० वरून १६० वर आला आहे. जिना हळूहळू चढतात, मध्ये एकदा थांबतात. गेल्या ईदला त्यांनी फाइल माझ्यासमोर ठेवली आणि शीरखुर्म्याची वाटी मात्र बाजूला सरकवून म्हणाल्या, ‘आधी वाच, मग खा.’

स्टॅटिनबद्दलच्या शंका असतील तर या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवा. पत्रात वय, चालू गोळ्यांची नावे आणि एलडीएलचा आकडा जरूर लिहा. नाव छापले जाणार नाही.